मौनसरोवराची पाळ

पुस्तक वाचायचं म्हणजे पोथी वाचायची, केशोरीच्या कुंदाबाईंना एवढंच ठाऊक. दुसरी तऱ्हा त्यांना कोणी शिकवलीच नव्हती. माहेरी श्रावणात पोथी लागायची आणि सातवी शिकलेली ही पोरगी ठणठणीत आवाजात वाचायची, तेव्हा अख्खा मोहल्ला ऐकायला यायचा. नंतर लग्न झालं, धानाची रोवणी, गाई, लेकरं, सुना सगळं झालं आणि वाचणं राहून गेलं ते गेलंच.

मग त्यांच्या नातीनं, आचलनं, घरात ‘मौनसरोवर’ नावाची चार जाडजूड पुस्तकं आणून टाकली आणि आपण गोंदियाला फार्मसी शिकायला निघून गेली. कुठल्या तरी परदेशी बाईनं लिहिलेली, मराठीत आणलेली. मांत्रिक, बोलणारं पाणी, असलं सगळं त्यात. आता घरात पुस्तक असून ते न वाचणं बाईंना बरं वाटेना. त्यांनी आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसलं, छपरीत पाट मांडला, पुस्तक त्यावर ठेवलं आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला बसल्या. पहिल्या म्हणजे अगदी पहिल्या. प्रकाशकाचा पत्ता, छापखाना, चित्र कोणाचं, सगळं. पोथीतला शब्द गाळला तर दोष लागतो, मग यातला कसा गाळायचा?

ऐकायला समोर त्यांचे मालक, देवचंदजी. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले त्याला सहा वर्षं झाली होती. ‘सर्व हक्क राखून ठेवले आहेत’ हे ऐकून ते म्हणाले, “या गोष्टीतला राजा कंजूस दिसते.”

देवचंदजी जातीनं कोहळी, तलाव बांधणाऱ्यांतले. कोहळ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला तलावाबद्दल काही सांगावं लागत नाही. गावचा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला, आणि डोळे जाईपर्यंत त्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं केव्हा नि बंद करायचं केव्हा हे देवचंदजीच ठरवत. डोळे गेल्यावर ते पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाईनासे झाले. दिसत नाही तिथं जाऊन करायचं काय, असं म्हणत आणि छपरीत बसून राहत. माणूस तोडून बोलायचा पूर्वीपासूनच, पण आता बोलायचाच कमी झाला होता.

आणि या पुस्तकात निघालं काय, तर तलाव. डोंगरांच्या मधे एक मोठं सरोवर, गेलेल्या माणसांचे आवाज त्याच्या पाण्यात साठून राहिलेले. ऑर्बेक नावाच्या मांत्रिकानं ते पाणी एका भिंतीनं अडवलेलं, आणि नेरा नावाची पोरगी त्या भिंतीची राखण करणारी. कुंदाबाईंनी असलं सरोवर जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे आपलं गावचंच तळं आलं. भिंतीच्या जागी मातीची पाळ आली, पाळीवर मोहाची झाडं आली, पाण्यात शिंगाड्याची वेल आली, खुंट्यावर पंख वाळवत बसलेले पानकावळे आले. त्या वाचत गेल्या आणि ते सगळं आपसूक येत गेलं. देवचंदजींच्याही पुढे तेच आलं असणार, कारण तिसऱ्याच दिवशी त्यांनी हात वर करून वाचणं थांबवलं.

“सांडवा कुठं ठेवला त्यानं?”

“सांडव्याचं काही लिहिलं नाई.”

“जास्तीचं पानी जाऊ द्याले सांडवा नाई ठेवला? मग फुटते ते. मांत्रिक असो का इंजिनिअर, पानी कोनाचं आयकत नाई.”

झालं. तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष त्या भिंतीवर. नेराचं काय होते, राजा मरते का वाचते, याच्याशी त्यांना घेणं नाही, भिंत केव्हा फुटते ते सांग. तीन पुस्तकं त्यांनी भिंत फुटायची वाट पाहिली. तिसऱ्याच्या शेवटी पूर आला, पाणी भिंतीच्या काठाला लागलं, आणि नेरानं भिंतीवर उभं राहून एक गाणं म्हटलं तर पाणी उभ्याचं उभं राहिलं. फुटलीच नाही. देवचंदजी दोन दिवस रुसले. लबाडी आहे ही, म्हणाले.

पण नेरा पाण्याला कान लावते आणि मेलेल्या आईचा आवाज ऐकते, तो अध्याय कुंदाबाईंनी वाचला त्या दिवशी कोठ्यात गाय हंबरत होती आणि कोणी उठलं नाही. अशी गोष्ट माणसाच्या डोक्यात येते तरी कशी, म्हणून बाई पुस्तक उलटंसुलटं करून पाहत राहिल्या. नंतर देवचंदजी एवढंच म्हणाले, “आपल्या तलावात असन तर माजा बाप बोलत असन. शिव्याच देत असन.”

शेजारच्या सुशिलाबाई एकदा डोकावल्या. रोज कोणती पोथी चालली म्हणून चौकशी केली, थोडी ऐकली आणि विचारलं, “अवो, पन याचं फळ काय?” प्रत्येक पोथीच्या शेवटी फळ सांगितलेलं असतं, कोणाला पुत्र, कोणाला धन. कुंदाबाई पुस्तकाचं शेवटचं पान उलटून पाहू लागल्या.

देवचंदजी म्हणाले, “मले दिसते. हेच फळ.”

सुशिलाबाई उठून गेल्या. कुंदाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि चुलीपुढे उगाच बसून राहिल्या. सहा वर्षांत या माणसानं नवीन काही पाहिलं असेल तर ते एवढंच, आणि ते आपल्या तोंडातून निघालं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांना आनंदही झाला आणि धडकीही भरली.

चौथं पुस्तक संपलं तेव्हा आचलचा फोन आला. ‘मौनसरोवर’चा पिक्चर गोंदियाला लागला आहे, हिंदीत, आणि पाचवं पुस्तकही तिला मिळालं आहे. “आजी, या तुमी दोघं. असला पिक्चर आहे का, पाहाल तर पुस्तक विसरून जाल.”

तिनं हे कौतुकानं म्हटलं, पण कुंदाबाईंना ते खटकलं. विसरून जाल म्हणजे? मग घरी येऊन वाचायचं काय? त्यांनी साफ सांगितलं, मी येत नाही. देवचंदजींनी ऐकलं आणि म्हणाले, “काऊन नाई? चाल.”

“तुमाले काय दिसनार तिथं?” बाई फटकन बोलून गेल्या.

“तू पाय. मी आयकतो. राहिलं ते तू सांगशील.” ते खुशीत होते. “भिंत फुटते का नाई, पायचं आहे मले.”

अर्जुनीहून गाडीनं दोघं गोंदियाला गेले. टेसनावर आचल उभीच होती. थिएटरात थंडगार, अंधार, खुर्च्या अशा मऊ की माणूस आत बुडून जाईल. कुंदाबाईंनी मनाशी ठरवलं होतं, अर्धवटच पाहायचं, डोळे किलकिले करून. पण पडदा उजळला आणि सगळं ठरवलेलं गेलं वाऱ्यावर.

डोंगरच डोंगर, त्यांच्यावर बर्फ, आणि खाली पाणी. निळं. असलं निळं त्यांनी लुगड्यातसुद्धा पाहिलं नव्हतं. पाण्याच्या आत दिवे लागल्यासारखे गेलेल्या माणसांचे आवाज चमकत होते. आवाज दाखवता येतो? या लोकांनी दाखवला होता. भिंत काळ्या दगडाची, आभाळाला लागलेली, आणि तिच्यावर एवढीशी नेरा, गोरीपान, केस जवसाच्या फुलासारखे निळसर. कुंदाबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

“काय आहे?” देवचंदजी कानाशी.

मग त्या सांगत गेल्या. हे असं आहे, ते तसं आहे, राजा पुस्तकात म्हातारा होता, इथं जवान आहे, ऑर्बेकचं कुत्रं गाळलं, आई बोलते तो अध्याय मात्र आहे, थांबा, आयका. मागच्या खुर्चीवरचा माणूस वैतागला. “अम्माजी, थोडा धीरे बोलो ना.” बाईंनी आवाज लहान केला. थोड्या वेळानं तोच माणूस पुढे वाकून विचारू लागला, “अम्माजी, किताब में कुत्ते का क्या हुआ था?” बाईंनी तेही सांगितलं.

आणि मग पूर आला. पुस्तकात होता तसाच, पाणी काठाला लागलं, नेरा उभी राहिली, गाऊ लागली. आणि भिंतीला तडा गेला. पिक्चरवाल्यांनी गाणं अर्ध्यात तोडलं आणि भिंत फोडली. अख्ख्या डोंगराएवढं पाणी उभं राहिलं आणि लोकांच्या अंगावर आलं, खुर्च्या थरथरल्या, कोणाचं तरी लेकरू रडलं. कुंदाबाई सांगायचं विसरून नुसत्या पाहत होत्या. देवाचं विश्वरूप म्हणतात ते असंच असणार, असं त्यांना वाटलं.

“फुटली?” देवचंदजींनी विचारलं. त्यांनी बाईंचा दंड धरला. “कुंदे, फुटली का?”

“फुटली,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“मी म्हनलो होतो!” देवचंदजी भर थिएटरात ओरडले, आणि चार ओळी हसल्या.

परतीच्या गाडीत ते बराच वेळ फुशारकीत होते. सौंदडचं टेसन गेल्यावर जरा शांत झाले आणि म्हणाले, “पानी गेलं कुठं मग? खालची गावं, धान, त्यायचं काय झालं?”

“ते नाई दाखवलं. नेरा घोड्यावर बसून निघून गेली.”

“मग कायले फोडली?” ते नाराज झाले. “पुस्तकवाली बाई बरी होती. तिनं थांबवलं तरी.”

पाचवं पुस्तक कुंदाबाईंच्या मांडीवर पिशवीत होतं आणि त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. एक तळं मागे गेलं, दुसरं गेलं. त्यांना ती सगळी लहान आणि मळकी दिसली. अशी ती त्यांना आयुष्यात कधी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आंघोळ, लुगडं, पाट, सगळं रीतसर झालं. प्रकाशकाचा पत्ता वाचून झाला. पहिला अध्याय सुरू झाला आणि नेरा आली ती निळसर केसांची. भिंत आली ती काळ्या दगडाची. पाण्यात शिंगाडे आणायला बाई गेल्या तर शिंगाडे येईनात, मोह येईनात, पानकावळे तर एकही नाही. डोंगरांवर नुसतं बर्फ. त्या वाचत राहिल्या, पण आवाज पडत गेला, आणि अध्यायाच्या मधेच त्या थांबल्या. पोथी वाचताना असं त्या कधी थांबल्या नव्हत्या.

“काऊन थांबली?”

“आपला तलाव गेला,” बाई म्हणाल्या. “मले आता तेच दिसून राहिलं, पिक्चरमधलं. इतकं चांगलं होतं ते का मी काय सांगू तुमाले. पन आपलं काहीच दिसत नाई. मी म्हनत होती, नोका नेऊ मले.” आणि खरी भीती त्यांनी बोलून टाकली. “मले दिसलं नाई तर तुमाले कसं दिसनार? माज्याच तोंडून दिसते ना तुमाले.”

देवचंदजी म्हणाले, “मी कुठं पायला पिक्चर? एक वाक्य वाच.”

कुंदाबाईंनी डोळे पुसले आणि वाचलं, “‘नेरा भिंतीवर चढली. समोर पाणी होतं.’”

“थांब. कोनत्या बाजूनं चढली, लिहिलं आहे का?”

“नाई.”

“उगवतीकडून चढली ते. तिकडं मोठा मोह आहे, त्याच्या मुळ्या मातीतून वर आल्या, त्याच्यावर पाय ठेवत ठेवत चढते. पाय मळले तिचे. केसं तेल लावून चापून बांधले, निळे-बिळे नाई. आचल सातवीत होती तेव्हा जशी दिसे, तशी. पानी उतरलं आहे आता, अर्धा तलाव शिंगाड्यानं झाकला. खुंट्यावर एक पानकावळा पंख पसरून बसला...”

ते सांगत राहिले. सहा वर्षं पाळीवर पाऊल न टाकलेला माणूस, आणि कुठं दगड निसटला आहे, कुठं माती खचली आहे, वारा आला की वेल कोणीकडे सरते, सगळं सांगत होता. एवढं ते गेल्या सहा वर्षांत एका बैठकीला बोलले नव्हते. कुंदाबाई आधी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून त्यांनी डोळे मिटले.

“दिसलं का?” देवचंदजींनी विचारलं.

“थोडं थांबा तिथंच मोहाजवळ,” त्या म्हणाल्या. “मी चढून राहिली.”