टाचेमागच्या चकत्या

मापकाकांचं लक्ष माणसाच्या तोंडाकडे उशिरा जायचं, पायांकडे आधी. रस्त्यात कुणी भेटलं की नजर खाली. "डावा अंगठा दुखतोय ना?" म्हणायचे, आणि ते खरं निघायचं. मापाचे बूट शिवणारे गल्लीत आता ते एकटेच. दुकान म्हणजे एक खोली. खिडकीशी काम, मागच्या भिंतीवर छतापर्यंत कलबुतं. कलबूत म्हणजे गिऱ्हाइकाच्या पावलाबरहुकूम कोरलेलं लाकडी पाऊल. त्यावर चामडं ताणून बूट उभा करायचा. गिऱ्हाइकाच्या पायाला कुठे गाठ आली की काका कलबुतावर नेमकी तिथे चामड्याची चकती चिकटवायचे आणि तिच्यावर पेन्सिलीने साल लिहायचे. आजोबांपासूनची शिस्त.

सगळ्यात वरच्या फळीवर घरची कलबुतं. वडील एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, हातात आरी तशीच. थोरला भाऊ चव्वेचाळिसाव्या. दोघेही काडीसारखे, दोघांचंही हृदय एकाएकी थांबलेलं. "आमच्या घराण्याला घाई फार," म्हणून काका हसायचे. स्वतः बेचाळिशीत होते.

एकदा गल्लीतल्या डॉक्टरीणबाई माप द्यायला आल्या. बसल्या बसल्या त्यांची नजर वर गेली.

"ती तिन्ही कलबुतं मागून सारखीच फुगलेली कशी?"

"आमची घरचीच ती. वडिलांचं, भावाचं, माझं. टाचेवरच्या शिरेला गाठी येतात आम्हाला. बूट चावून चावून."

"बूट चावून कातडी जाड होईल, शीर कशी होईल? बघू तुमचा पाय."

जन्मभर दुसऱ्यांचे पाय हातात घेणारा माणूस, आपला पाय पुढे करताना लाजून चूर झाला. बाईंनी गाठ चाचपली, वडील-भाऊ कितव्या वर्षी गेले ते विचारलं आणि रक्त तपासायला लावलं. कोलेस्टेरॉल असायला हवं त्याच्या दुपटीच्या वर निघालं.

"अहो, मी हा असा फुंकरीने उडणारा! माझ्यात चरबी शोधून तरी सापडेल का?"

"हे खाण्यातून आलेलं नाही, काका. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून घ्यायचं काम यकृताचं. ते कसं करायचं, हे जनुकांत लिहिलेलं असतं. तुमच्या घरात त्या लिखाणात एक बदल झालाय. म्हणून ते रक्तातच राहतं. टाचेच्या शिरेत गाठ धरतं, हृदयाच्या नळ्यांत थर धरतं. गोळ्या कायमच्या घ्यायच्या. आणि मुलीला घेऊन या. तिच्यात उतरलं असण्याची शक्यता निम्मी आहे."

काकांनी गोळ्या सुरू केल्या. मुलीला काही नेलं नाही. ती एकवीस वर्षांची, त्यांच्याच दुकानात मशीनवर बसायची. हातापेक्षा जीभ जलद. "नवे बूट करू तुला," म्हणून त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि टाचेमागून बोट फिरवलं. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा.

"बाबा, गुदगुल्या होतात! माप घेताय की पाय कापून ठेवून घेताय?"

शीर सरळ, ताठ, दोरीसारखी. कुठे उंचवटा नाही. काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. सत्तावीस वर्षं या बोटाने केसाएवढा फरक पकडला होता. बाई भेटल्या, रागावल्या, की म्हणायचे, "आणतो हो. पण तिला नाहीये. मी स्वतः पाहिलंय."

असे सहा महिने गेले. एका दुपारी तिच्या बुटांचं खरंच मनावर घेतलं. तिचं पाऊल काकांच्या वडिलांवर गेलेलं, लांब आणि अरुंद. नवं लाकूड कशाला, वडिलांचंच कलबूत थोडं तासू, म्हणून काकांनी ते खाली काढलं आणि रापीच्या पात्याने टाचेमागच्या चकत्या सोडवायला घेतल्या. वरची चकती वडिलांच्या शेवटच्या वर्षाची. तिच्याखाली चार वर्षं आधीची. तिच्याखाली एक अगदी पातळ; वडील तेव्हा एकोणतीस वर्षांचे. त्याखाली नुसतं लाकूड.

काकांनी कलबूत उलटं केलं. तळव्यावर आजोबांनी कोरलेलं साल होतं. हिशेब बोटांवर केला. हे लाकूड कोरलं तेव्हा वडील एकवीस वर्षांचे.

टाचेमागून त्यांनी बोट फिरवलं. सपाट. अगदी पोरीसारखी टाच.

बोटाला आजचं माप कळतं. उद्याचं कुठून कळणार?

"ऊठ," ते मुलीला म्हणाले.

"एवढी शिलाई..."

"राहू दे ती शिलाई. रक्त द्यायचंय. ऊठ म्हणतो ना!"

अहवाल आला. तिलाही होतं.

काका तिला घेऊन परतले. दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मीच दिलं गं तुला."

"हे नाकही तुम्हीच दिलंय. त्यावरून भांडले का कधी?" ती शेजारी टेकली. "बाई म्हणाल्या, लवकर कळलं, आता आवरता येईल. आजोबांना सांगणारंच कुणी नव्हतं. मला सांगणारं होतं, आणि तुम्ही सहा महिने गप्प बसलात. त्यावरून मात्र भांडणार आहे."

"भांड."

ती भांडली. चांगली अर्धा तास. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, ऐकता ऐकता सोडवलेल्या चकत्या सालवार पुन्हा चिकटवल्या आणि कलबूत जागेवर ठेवलं. मग थोरल्या भावाच्या घरी फोन लावला.

"वहिनी, दोन्ही पोरांना घेऊन या. उद्याच."

"का हो भाऊजी, बुटांचं माप द्यायचंय का?"

"नाही, रक्त द्यायचंय. नुसत्या टाचा बघून भागत नाही, हे मला आज कळलं."