वरची मर्यादा २३४ नव्हे, २३५

दुपारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की सरांनी सुजाताला वर्गाबाहेर काढलं. ते चूक आहे. सर "खाली बस" म्हणाले. दप्तर घेऊन ती स्वतःच निघून गेली.

सुजाता वळसंगहून आमच्या क्लासला येते; मीही तिथंच शिकवते. चाचणीत प्रश्न होता: चादरीची लांबी जवळच्या दहा सेंटीमीटरपर्यंत २३० आहे, तर वरची मर्यादा किती? तिनं २३५ लिहिलं. सरांच्या उत्तरसूचीत २३४ होतं. एक गुण गेला आणि त्यापायी मोफत तुकडीतली जागाही जाणार.

"सर, चादर दोनशे साडेचौतीस भरली तरी २३०च धरणार की!"

"तू चादरी इकायला आलीस का गणित शिकायला? खाली बस."

सगळा वर्ग हसला.

तास संपल्यावर मी सरांना तेच पट्टीवर दाखवलं. त्यांना पटलं, आणि तेच मला जास्त लागलं.

"बरोबर आहे ओ मॅडम. पण सगळ्या तुकड्यांचे पेपर तपासून झालेत. एकीसाठी परत कोण बसणार?"

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. छापलेलं उत्तर चुकू शकतं, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. सुजाताला ते स्वतःहून दिसलं, तर तिच्या वाट्याला हशा आला.

बरोबर असूनही तुम्हाला कधी असं खाली बसवलंय का?

मोफत तुकडीची यादी सोमवारी लागेल. सगळ्या तुकड्यांचा तो एक प्रश्न परत तपासायला मी एकटी बसणार आहे, असं सरांना सांगून आलेय. त्याआधी, येत्या शनिवारी.