कापणीला आलेलं तळं

आम्ही तळ्याकाठी घर घेतलं, आणि दिवाळीच्या सुमारास एका माणसाने येऊन आमचं तळं विळ्याने कापून नेलं.

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं लग्नांत, बारशांत, एकदा तर दवाखान्यात सलाइन लावलेल्या अवस्थेतही म्हणून दाखवलंय आणि दर वेळी ऐकणारा माझ्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का बघतो. म्हणून नीट पहिल्यापासून सांगते.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत राहत होतो. एक खोली, एक पोटमाळा. आणि माणसं म्हणाल तर सासूबाई, थोरले भाऊजी, जाऊबाई, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं नवपरिणीत. नवपरिणीत म्हणजे काय, तर आम्हाला पोटमाळा मिळाला होता. तिथे उभं राहता येत नसे. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी नवऱ्याला उभं असं फक्त रस्त्यावर पाहिलं.

मग आषाढातल्या एका रविवारी बिल्डरचा माणूस आम्हाला बदलापूरला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या, अजून कठडाही न बसलेल्या गॅलरीत त्याने आम्हाला उभं केलं आणि नाटकातला पडदा सारावा तसा हात फिरवला. समोर पाणी! हे एवढं पसरलेलं, शांत, रुपेरी पाणी. पाण्यात डोंगर उलटे पडलेले. मधोमध एका पायावर बगळा. इमारतीच्या नावातही 'सरोवर' होतं आणि पाटीवर अक्षरांखाली निळ्या लाटा काढल्या होत्या. आमच्या ह्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मित्राकडून आणलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढला. परत येताना ते मला म्हणाले, "लोक ह्यासाठी माथेरानला जातात. आपण ह्यासाठी भाजी आणायला जाऊ."

घर सासूबाईंच्या पाटल्या मोडून घेतलं. त्यामुळे ते ठेवायचं की विकायचं, हा शब्द त्यांचा. भाऊजींना हे लांब, जंगलातलं घर पहिल्यापासून पसंत नव्हतं. "रात्री तिथे कोल्हे भाजी विकतात," असं ते सगळ्यांना सांगत. त्यांनी घरासाठी एक गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. सासूबाई फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्रिपुरी पौर्णिमेला येते. तळ्यात दिवे सोडीन. मग ठरवू काय ते."

म्हणजे तळं पसंत पडलं तर घर आमचं. नाही पडलं तर पुन्हा पोटमाळा.

गणपती झाल्यावर आम्ही राहायला गेलो. गॅलरीत गेले, तर तळं हिरवं.

"शेवाळ आहे," हे म्हणाले.

"शेवाळ गुडघ्याएवढं वाढतं?"

"डोंगराळ भागात वाढतं."

नवरा आत्मविश्वासाने बोलत असला की मी तेव्हा विश्वास ठेवत असे. नवीन लग्न होतं. आश्विनात शेवाळ पिवळं पडलं आणि त्याला लोंब्या आल्या, तेव्हा मात्र ह्यांनी गॅलरीत जाणंच बंद केलं.

इकडे माझी वेगळीच परवड. चाळीत दारं रात्री झोपण्यापुरती लागायची. इथे नवी इमारत, नवी माणसं आणि प्रत्येक दाराला मधोमध ते काचेचं भोक. मी विरजण मागायला समोरच्या दारी गेले. भोकामागे डोळा आला. डोळा म्हणाला, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "विरजण." डोळा म्हणाला, "ते इथे राहत नाहीत." आणि गेला. पुढचा दीड महिना त्या बाईची माझी ओळख एवढीच. जिन्यात भेटली की मी तिच्या डाव्या डोळ्याकडे बघून हसत असे, कारण उजव्याची खात्री नव्हती.

दिवाळीच्या आधी एका सकाळी पाहिलं, तर टोपी घातलेला एक म्हातारा आमच्या तळ्यात उतरून विळ्याने सपासप तळं कापत होता. माझा धीर सुटला. त्रिपुरी तोंडावर आली होती. मी चपला घातल्या आणि थेट बांधावर गेले.

तिथे रांग होती.

हो, रांग. सर्वांत पुढे तो समोरच्या दारातला डोळा, पहिल्यांदाच अख्ख्या बाईसकट. तिच्यामागे तळमजल्यावरचे सिंधी भाईसाहेब. त्यांचं उल्हासनगरला कॅम्पात प्लास्टिकच्या टब-बादल्यांचं दुकान होतं. त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरचे काका. ते अंबरनाथला कारखान्यात फिटर होते आणि मला वाटायचं, ते मुके आहेत. सगळे अपराध्यासारखे खाली मान घालून उभे.

समोरची म्हाताऱ्याला सांगत होती, "बाबा, दिवाळीच्या सुट्टीपुरतं तरी पाणी ठेवा हो. माझ्या भावाला सांगितलंय मी तळं आहे म्हणून. तो कॅमेरा घेऊन येतोय."

"आगं बाय, पानी ठेवलं त भात सडल ना माजा!"

"चाचा, थोडासा रखो ना," भाईसाहेब म्हणाले. "मी पण माझ्या साल्याला बोटिंग बोललोय."

"बोटिंग?" काकांच्या तोंडून निघून गेलं. मुके नव्हते. "अहो, मी तर फक्त मासे म्हटलं होतं."

मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कमळं. आणि सासूबाई दिवे सोडायला येतायत."

त्या बांधावर काय हशा पिकला! अख्ख्या इमारतीने आपापल्या नातेवाइकांना तेच तळं सांगितलं होतं. कारण सगळ्यांचे नातेवाईक 'कुठे जंगलात गेलात' म्हणून हिणवणारे, आणि सगळ्यांनी घर बघितलेलं आषाढातच. समोरची हसता हसता माझ्या खांद्यावर पडली. इतक्या जवळून पाहिल्यावर कळलं, विरजणवाला डोळा उजवा होता.

म्हातारा विळा खाली ठेवून आमच्याकडे कीव आल्यासारखा बघत होता. "तलाव कंचा? श्यात हाय माजं! माजा बापूस हितंच नांगर धरायचा. आनि तुमी बोटी काय घालताव?"

बाकीच्यांनी भावाला आणि साल्याला तूर्त थोपवून धरायचं ठरवलं. माझ्या सासूबाईंना मात्र पौर्णिमा पुढे ढकला असं सांगता येत नव्हतं, आणि पोटमाळ्याची हकिकत ऐकून सगळे गंभीर झाले. समोरची म्हणाली, "आम्ही बौद्ध. आमच्यात त्रिपुरी-बिपुरी नाही. पण परात आहे माझ्याकडे, मोठी. पाणी भरलं की तळं काय नि परात काय, अंधारात सारखंच." कल्पना अशी तिची. भाईसाहेबांनी तिथल्या तिथे दुकानातले सगळ्यांत मोठे निळे टब जाहीर केले. म्हाताऱ्याने अट घातली, "कापनी झाल्यावर काय ता करा. पर सकाली श्यात रिकामं पायजे. मना वाल पेरायचा हाय." आणि विहिरीवरचं इंजिन चालू करून द्यायलाही तो तयार झाला. आम्ही वेडे आहोत याबद्दल त्याची खात्री पटली होती, आणि वेड्यांशी भांडायचं नाही एवढं त्याला कळत होतं.

त्रिपुरीच्या दिवशी दुपारपासून तळ्याचं बांधकाम सुरू झालं. ज्यांचे डोळेसुद्धा मी पाहिले नव्हते अशा बाया परात घेऊन खाली येऊ लागल्या. पितळी परात, स्टीलची परात, घंगाळं, बाळाला आंघोळ घालायचा टब, एकीने तर इडलीचं भांडं आणलं. काकांनी कारखान्यातल्या शिस्तीने सगळं ओळीत लावलं. मध्ये निळे टब म्हणजे खोल पाणी, कडेने पराती म्हणजे काठ. म्हाताऱ्याने पाइप धरला. संध्याकाळी ऐनवेळी पूर्वेच्या बाजूला तळं थोडं कमी पडलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. सोबत भाऊजी, एक ट्रंक, द्रोण, कणकेचे दिवे आणि त्यांची स्वतःची पितळी परात. दुसऱ्याच्या परातीत मळलेली कणीक त्यांना पचत नसे, त्यामुळे ती परात त्यांच्याबरोबर तीर्थयात्रेलाही जाई. त्या चहा घेत होत्या तोवर ह्यांनी ती जिन्यातून पळवली आणि तळ्याचा पूर्व किनारा पूर्ण झाला.

मग वीज गेली. बदलापूरची वीज आयुष्यात एकदाच वेळेवर गेली असेल, ती त्या दिवशी. डोंगरामागून चंद्र वर आला, आणि गॅलरीतून खाली पाहते तो, देवाशप्पथ, तळं! प्रत्येक परातीत एकेक चंद्र. आम्हीच भरलेलं पाणी बघून आमच्याच अंगावर काटा आला. भाऊजी कठड्यावरून वाकून पुन्हा पुन्हा बघू लागले.

"चला खाली," सासूबाई म्हणाल्या.

"आई, इथूनच नमस्कार करा ना," हे म्हणाले. "काठावर निसरडं आहे."

"दिवे काय गॅलरीतून फेकू?"

खाली गेलो. भाताची कापलेली खुंटं चपलांखाली करकर वाजत होती. अख्खी इमारत बांधावर उभी. तेवढ्यात अंधारातून "डराँव, डराँव" असा आवाज आला. हे आमच्या ठरावात नव्हतं. तळं म्हटलं की बेडूक हवा, असं काकांनी आपल्या मनाने ठरवलं होतं.

"कार्तिकात बेडूक?" सासूबाईंनी विचारलं.

"या बाजूला उशिरा असतात," मी म्हटलं.

बेडकाला प्रोत्साहन मिळालं. तो दुप्पट ओरडायला लागला आणि शेवटी खोकला.

भाऊजी ऐटीत पुढे झाले आणि त्यांचा पाय थेट एका परातीत गेला. खणकन आवाज झाला. ते तसेच, एक पाय परातीत, आमच्या तळ्यातल्या त्या बगळ्यासारखे उभे राहिले. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "फार खोल दिसत नाही."

सासूबाई पुढे झाल्या. वाकल्या, द्रोणात दिवा ठेवला आणि समोरच्या निळ्या टबात सोडला. दिवा टबाच्या कडेकडेने फिरत एका जागी येऊन थांबला. उजेडात तिथे चिकटवलेला कागद दिसला.

"तळ्यावर किंमत लावलीय वाटतं," त्या म्हणाल्या.

"आईजी, आपके लिए डिस्काउंट आहे," भाईसाहेब बांधावरून म्हणाले आणि त्यांच्या बायकोने त्यांना चिमटा काढला.

मी डोळे मिटून घेतले. मला पोटमाळा दिसला. पोटमाळ्याचा वासा दिसला, ज्यावर माझं डोकं रोज सकाळी आपटायचं. सासूबाईंनी सगळे दिवे सोडले, हात जोडले, वर आल्या, जेवल्या आणि झोपल्या. होय नाही, नाही नाही. ह्यांनी आणि मी एकमेकांकडे बघायचंही टाळलं.

सकाळी म्हाताऱ्याने बोलल्याप्रमाणे शेत रिकामं मागितलं. सगळ्या पराती इमारतीच्या पायऱ्यांपाशी ढीग करून ठेवल्या. आता कुठली कोणाची? भांड्यांवर नावं कोरलेली होती, पण ती कोणाच्या आत्याची, कोणाच्या आजेसासूची, लग्नात आहेर केलेल्या मामांची. बाया भांडू लागल्या. सासूबाई खाली उतरल्या, एका उलट्या घंगाळावर बसल्या आणि न्यायाला सुरुवात केली. "तू कोण? माहेर कुठलं? मुलं किती? ही आत्या सख्खी का चुलत? घे." परात घेऊन गेलेली बाई थोड्या वेळाने वाटीत काहीतरी घेऊन परत येई, कारण न्यायाधीशाला रिकाम्या हाताने कसं भेटायचं? समोरचीने तर विरजणच आणलं. दुपारपर्यंत सासूबाईंना इमारतीतल्या सगळ्यांची माहेरं पाठ झाली होती. मला त्यांतली चार ठाऊक होती.

मधेच मला जवळ बोलावून त्या हळूच म्हणाल्या, "फोटोत बांध दिसत होता गं. माझं अर्धं आयुष्य कोकणात लावणीच्या चिखलात गेलं. मला तळं आणि खाचर कळत नाही होय?"

"मग आलात कशाला?"

"माझा मुलगा खोटं किती लांबवर रेटतो ते बघायला. बापापेक्षा पुढे गेला. त्यांनी मला विहीर सांगितली होती, निघाला हौद."

भाऊजी पिशवी घेऊन खाली आले. त्यांची विजार अजून ओली होती. "आई, गाडीची वेळ झाली. काय ठरलं? गिऱ्हाईकाला काय सांगू?"

ढीग संपला होता. सासूबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"माझी परात नाही मिळाली अजून," त्या म्हणाल्या. "परातीशिवाय कशी येऊ? तू जा पुढे. आणि त्या गिऱ्हाईकाला म्हणावं, म्हातारी परात शोधतेय."

अख्ख्या इमारतीने ती परात शोधली. काकांनी टाकीत वाकून पाहिलं, भाईसाहेबांनी दुकानातून नवी आणून दिली, ती त्यांनी "ह्यात कणीक रुसते" म्हणून परत केली. दर महिन्याला भाऊजींचा निरोप यायचा, परात मिळाली का? दर महिन्याला निरोप जायचा, शोध चालू आहे. पुढच्या आषाढात तळं पुन्हा भरलं, तेव्हा सासूबाई गॅलरीत समोरच्या बाईबरोबर तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि गिऱ्हाईकाने अंबरनाथला घर घेतलं होतं.

खरं तर ती परात मला पहिल्याच आठवड्यात सापडली होती. सासूबाईंच्या ट्रंकेत, तळाशी, त्यांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. मी ती होती तशी गुंडाळून ठेवली, ट्रंक बंद केली आणि बाहेर येऊन जोरात विचारलं, "अहो आई, परात कुठे दिसली का?"

"नाही बाई," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तू बघ ना नीट."