न चाललेल्या सिनेमांच्या प्रमिलाताई

प्रमिलाताई गजभिये यांची आणि माझी पहिली भेट पांढरकवड्याच्या महाविद्यालयातल्या वाचनकक्षात झाली. ताई तिथे ग्रंथपाल होत्या. मी आमच्या बंजारा तांड्यावरून एस.टी.ने येणारी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलगी. तास दुपारीच संपत आणि परतीची गाडी संध्याकाळी असे, म्हणून मधला वेळ मी पंख्याखाली बसून काढायची. एका शनिवारी ताई जवळ आल्या.

“सिनेमा पाहतेस काय गं?”

“पाहते ना मॅडम. सगळे हिट पाहिले.”

“हिट तर सगळेच पाहतात. एक न चाललेला आहे. पाहशील?”

ताईंनी तो वाचनकक्षातल्या टीव्हीवर लावला. एकाच शिलाई मशीनवर पोट भरणाऱ्या, पण एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बहिणींची ती गोष्ट होती. गाणे नाही, मारामारी नाही. आम्ही मोजकीच मुले होतो आणि त्यातली दोघे झोपली. सिनेमा संपल्यावर त्याचा अर्थ काय, असे ताईंनी विचारले नाही. त्यांनी विचारले, “कोणत्या बहिणीची बाजू पटली?” झोपलेली दोघे सोडून आम्ही सगळे तावातावाने भांडलो. माझी गाडी त्या दिवशी चुकली. ताईंनी मला घरी नेऊन जेवू घातले आणि त्यांच्या यजमानांना स्कूटरवरून मला तांड्यापर्यंत सोडायला लावले.

ताईंची शिफारस करण्याची रीत वेगळी आहे. त्या सिनेमातला दोष आधी सांगतात. “सुरुवातीला कंटाळा येईल, पण उठू नको,” किंवा “शेवट फसलेला आहे, तरी त्या सासूचं काम पाहा.” कुणाला काय दाखवायचे हे त्या माणूस पाहून ठरवतात. नागपूर-पुण्याच्या ओळखीच्यांकडून जुने सिनेमे मिळवत, आधी स्वतः पाहत आणि मगच आमच्यासमोर आणत. “एवढ्या लोकांनी खपून केलेलं काम कुणीच पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं,” असे त्या म्हणत. महाविद्यालयात यावरून थट्टाही व्हायची. ताई ती हसून घेत आणि पुढच्या शनिवारी पुन्हा टीव्ही पुसायला लागत.

मात्र मला ताई खऱ्या कळल्या त्या आमच्या तांड्यावर. माझ्याच आग्रहावरून त्या तिथे सिनेमा दाखवायला आल्या. बैलांवर माल लादून फिरणाऱ्या एका कुटुंबावरचा, पार विसरला गेलेला सिनेमा त्यांनी मोठ्या खटपटीने मिळवला होता. आमच्या लोकांना आपली गोष्ट पडद्यावर दिसेल, या आनंदात त्या होत्या. समाजमंदिराच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि सगळा तांडा दाटीवाटीने बसला.

सिनेमा सुरू झाला. त्यातले पुरुष दारू पिऊन चोऱ्या करत होते आणि बाया आरशांचे कपडे घालून परक्या माणसांपुढे नाचत होत्या. मग माझे बा उठून उभे राहिले.

“मॅडम, बंद करा हे. आमाले हे काहून दाखवून राह्यले? माझी माय अशी नव्हती.”

मला मान वर करवेना. आता ताई समजावू लागतील, त्या काळी असेच दाखवत म्हणतील, असे मला वाटले. ताईंनी सिनेमा बंद केला आणि सगळ्यांसमोर हात जोडले.

“चुकलं माझं. सिनेमा सुंदर टिपलाय, एवढंच मी पाहिलं. आमच्याही लोकांना पडद्यावर कायम वाकलेलं, गयावया करणारंच दाखवलं. मी तर बौद्ध घरातली. मला हे आधी कळायला पाहिजे होतं.”

मग ताई खाली सतरंजीवर बसल्या आणि बांना म्हणाल्या, “भाऊ, तुमची माय कशी होती ते सांगा ना.”

बा सांगू लागले. मग म्हाताऱ्या बाया बोलू लागल्या, गाऊ लागल्या. याडीने, म्हणजे माझ्या आईने, चहा केला. जाताना ताई मला म्हणाल्या, “लोकांनी टाकलेला प्रत्येक सिनेमा चांगलाच असतो असं नाही गं.” पुढे कुणी त्या सिनेमाचे कौतुक केले की ताई तांड्याने काय म्हटले ते आधी सांगतात. स्वतःची चूक इतक्या मोकळेपणाने सांगणारे शिक्षित माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

काही वर्षांनी याडी गेली. मी तोवर राळेगावला शिक्षिका झाले होते. बा अंगणात बसून राहत. बोलणे बंद, जेवण नावापुरते. ताईंना कळले तशा त्या लॅपटॉप घेऊन एस.टी.ने आल्या. त्या दुःखाचा एखादा सिनेमा लावतील, या विचाराने मी धास्तावले होते. त्यांनी लावला तो एका म्हशीच्या मालकीवरून भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचा. बा आधी भिंतीकडे तोंड करून बसले होते. पडद्यावर भांडण रंगले, म्हैस उन्हात तशीच बांधलेली राहिली आणि बा एकदम ओरडले, “अरे, त्या म्हशीले कोणी पाणी तं पाजा!”

याडी गेल्यानंतरचे ते त्यांचे पहिले धड वाक्य. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “थांबा भाऊ, पाजतील.” त्या दिवशी बा पोटभर जेवले. पुढच्या आठवड्यात त्यांनीच विचारले, “मॅडम कधी येते?” ताई बरेच महिने येत राहिल्या. आजही दोघांची फोनवर सिनेमावरून खडाजंगी होते.

सेवानिवृत्तीनंतरही ताईंचा शनिवार चुकलेला नाही. आता त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत माणसे जमतात: दुकानदार, परिचारिका, झरी जामणीहून शिकायला आलेल्या मुली. पंच्याहत्तरीत पदार्पण करताना ताईंच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया नीट पार पडली, ही आम्हा सर्वांसाठी मोठी समाधानाची गोष्ट आहे.

ताई, तुम्हाला निरोगी, हसतेखेळते आणि दीर्घ आयुष्य लाभो. कुठेतरी अजून कितीतरी चांगले सिनेमे कुणी पाहिल्यावाचून पडून आहेत. ते आम्हाला एकट्यांना सापडणार नाहीत.