उत्तरेच्या भिंतीवरचं भांडण

पलीकडची बाई मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आजी निःपक्षपाती आहे असा तुमचा गैरसमज व्हायला नको. हे तुमच्या बाबाने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं आणि मधली वाक्यं गाळू नयेत.

मागे एकदा व्हिडिओवर तुम्ही मला तुमच्या जर्मन गावातलं चौकातलं चर्च दाखवलंत. खरं गॉथिक, दगडाचं, टोकदार कमानींचं. मग तुम्ही विचारलंत, "आजी, तुझं घर कुठल्या स्टाइलचं?" मी विषय बदलला, कारण त्याच घरापायी त्या आठवड्यात माझं डोकं फिरलं होतं. आता शांत झाले आहे असं नाही, पण क्रमाने सांगू शकेन.

पुण्यात मी आर्किटेक्चरच्या मुलांना पाश्चात्त्य वास्तुशैलींचा इतिहास शिकवत असे. ग्रीक, रोमन, रोमनेस्क, गॉथिक, रेनेसाँस, बरोक, आणि पुढे एकोणिसाव्या शतकातली खिचडी. युरोप मी पाहिला नव्हता, पण माझ्या स्लाइड्सचे ट्रे असे लावलेले असत की दिवे गेले तरी हाताने काढता येतील. पहिल्याच तासाला मी सांगायची की हा सगळा भांडणाचा इतिहास आहे. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीला नावं ठेवली. 'गॉथिक' ही मुळात शिवीच. तुमच्या त्या चर्चसारख्या इमारतींना रेनेसाँसच्या मंडळींनी रानटी म्हणून हिणवलं, मग त्यांच्या घुमटांवर बरोकवाल्यांनी वेलबुट्टी चढवली, आणि नंतरच्यांनी त्या वेलबुट्टीला नाकं मुरडली. वर्गात मुलं हसायची. मीही हसायची. भांडणारे सगळे मेलेले होते.

मग आम्ही वेलिंग्टनला तुमच्या आत्याकडे राहायला आलो.

आत्याचं घर म्हणजे इथे ज्याला व्हिला म्हणतात ते. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, पुढे व्हरांडा, व्हरांड्याला लाकडात कापलेली लेसची झालर आणि रस्त्याकडे पुढे आलेली मोठी बे विंडो. घर बघायला गेली तेव्हा तिने एजंटला एकच प्रश्न विचारला, "पुढची खोली दक्षिणेकडे आहे ना?" पुण्याच्या मुलीला ठाऊक असतं की हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून घरात येतं. एजंट म्हणाला, हो, आहे. खोटं काहीच बोलला नाही तो. पृथ्वीच्या या अर्ध्या भागात सूर्य उत्तरेकडून फिरतो, हे तिने शाळेत पाठ केलं होतं, पण इथली वर्षं तिने हॉस्पिटलच्या फार्मसीत ट्यूबलाइटखाली काढलेली. बे विंडोची ती सुंदर खोली तिने मोठ्या मनाने आई-बाबांना दिली. तिथे वर्षभर ऊन येत नाही. येतो तो दक्षिण ध्रुवाकडून निघालेला वारा, आणि तो बेल वाजवत नाही.

बांधणाऱ्यांना तरी काय म्हणावं? इंग्लंडातला नकाशा, तो छापील पुस्तकातून इथे आला, आणि घराने तोंड रस्त्याकडे करायचं हा नियमही त्याच बोटीने आला. सूर्य कुठे आहे हे वर मान करून पाहायला कुणी थांबलं नाही. त्यामुळे या घरात ऊन मिळतं ते मागच्या भिंतीला, जिथे कपडे धुण्याची मोरी आणि एक अडगळीची खोली आहे.

पहिल्याच हिवाळ्यात आजोबांची छाती भरली. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या कपाटामागे काळी बुरशी निघाली. डॉक्टरीणबाई मिरजेच्या, मराठीतच बोलल्या, "काका, औषधं मी देईन हो, पण कोरडी, उबदार खोली मी कुठून देऊ?" तेव्हा ठरलं. अडगळीच्या खोलीची उत्तरेकडची भिंत फोडायची, तिथे भिंतभर काचेचं दार बसवायचं आणि आजोबांची खाट त्यासमोर टाकायची.

पण रस्त्याच्या आमच्या बाजूची जुनी घरं वारसा म्हणून संरक्षित आहेत. बाहेरून दिसणाऱ्या भिंतीला हात लावायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते, आणि शेजाऱ्यांना हरकत घेता येते. आमचं घर कोपऱ्यावर. मागची भिंत बाजूच्या रस्त्यावरून दिसते. त्या रस्त्यापलीकडे ती राहते.

एका सकाळी ती फाटकाशी आली.

"किया ओरा!" हा इथला माओरी नमस्कार. "मागची भिंत तोडताय असं ऐकलं. खरं नाही ना, डिअर?"

"खरं आहे, मॅडम."

"या रस्त्याला एक कॅरेक्टर आहे."

"माझ्या नवऱ्याला खोकला आहे."

"हीट पंप का नाही लावत?"

"लावलाय. तो खोली गरम करतो. भिंत ओलीच राहते."

तिने मान कलती केली. माझं इंग्रजी तिच्या इंग्रजीपेक्षा जुन्या शाळेतलं आहे, तरी ती माझ्याशी एकेक शब्द सुटा करून बोलते. "कसं आहे ना डिअर, तुम्ही नव्या आहात. हे घर किती अस्सल आहे याची तुम्हाला कदाचित कल्पना नसेल."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात व्हरांड्यातून आजोबांचा आवाज आला, "अगं, लेक्चर नको देऊस. तिला हजेरी लागणार नाहीये."

"तुम्ही आत जा, वारा आहे."

"आत जास्त वारा आहे!" ते म्हणाले आणि खोकू लागले. ती बाई हसून हात हलवत निघून गेली. हरकतीवर तिने आसपासच्या लोकांच्या सह्याही घेतल्या. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने सही केली नाही. त्याच्याकडून मी आता लागत नसलं तरी दूध आणते.

तिचं स्वतःचं घर कसलं आहे, विचारा. गुलाबीसर प्लास्टरचं, कमानीबिमानींचं, स्पेनच्या किनाऱ्यावरून उचलून आणल्यासारखं. छपराला वळचण म्हणून नाही. पावसाचं पाणी सरळ भिंतीवर. मधे वर्षभर ते घर पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं, आतली कुजलेली लाकडं बदलायला. संरक्षित हद्द रस्त्याच्या मधोमधून जाते, तेव्हा तिला काहीही करता येतं. तिच्या दिवाणखान्याला भिंतभर काच आहे. त्या काचेतून तिला आमची जुनी भिंत दिसते. भांडण एवढंच होतं.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. तीन माणसं टेबलामागे बसलेली. मी आत पाऊल टाकलं आणि खोली पाहून मला हसूच आलं. उत्तरेकडची अख्खी भिंत काचेची. कॅरेक्टर वाचवायला जमलेले सगळे उन्हात पाठ शेकत बसले होते.

तिने स्लाइड्स दाखवल्या. माझ्या घराच्या! व्हरांड्याची झालर, खिडकीवरची महिरप, दाराशेजारचे खांब. "अस्सल," ती प्रत्येक चित्राला म्हणाली, "अस्सल."

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. आत्या कानाशी पुटपुटली, "आई, प्लीज, शॉर्टमध्ये." मी शॉर्टमध्येच सांगितलं. म्हटलं, त्या खांबापासून सुरुवात करू. तो आधी झाडाचं खोड होता. ग्रीकांनी तो दगडात केला आणि तुळयांची लाकडी टोकंसुद्धा दगडात कोरून ठेवली. रोमनांनी तो कमानींच्या भिंतीवर नुसता शोभेला चिकटवला. रेनेसाँसने तो पुन्हा काढला, इंग्रजांनी पुस्तकात छापला, आणि इथे तो यंत्रावर लाकडातून कापून, दगडासारखा दिसावा म्हणून रंगवून दाराशी उभा केला. दगडाचं सोंग घेतलेलं लाकूड, लाकडाचं सोंग घेतलेल्या दगडाची नक्कल. या शहरात अख्खी सरकारी कचेरी तशी आहे आणि मला ती आवडते. पण अस्सल म्हणू नका. आणि गॉथिक गवंड्यांनी भिंतीचा भार बाहेरच्या टेकूंवर का टाकला? आत उजेड यावा म्हणून. त्यांनी कुणाची हरकत ऐकत बसायचं ठरवलं असतं, तर आजही सगळे जाड भिंतींच्या अंधारात प्रार्थना करत असते.

"हे छान आहे," मधला माणूस घड्याळाकडे बघत म्हणाला, "पण प्रश्न तुमच्या खिडकीचा आहे."

"मी खिडकीबद्दलच बोलतेय."

पलीकडची बाई म्हणाली, "बाईंना इतिहासाची इतकी आवड आहे, तर तो मोडायची घाई का?"

"तुमचा इतिहास गळत होता तेव्हा तुम्ही भिंती बदलल्यात," मी म्हटलं. "आमचा माणूस गळतोय."

मग आजोबा उठले. उभं राहायची गरज नव्हती, पण ते जुने इंजिनिअर, साहेबासमोर बसून बोलत नाहीत. "मला शैली कुठलीही चालेल," ते म्हणाले. "मला ऊन हवंय." एवढं बोलून ते खोकले, आणि ती खोकल्याची ढास इतकी लांबली की टेबलावरच्या एकीने स्वतःचा पाण्याचा ग्लास पुढे केला.

निकाल आला. खिडकीला परवानगी. भिंतभर काचेला नाही. दोन अरुंद जोड्या, खाली-वर सरकणाऱ्या लाकडी तावदानांच्या, जुन्यांच्या मापाच्या, भोवती जुन्यासारखीच नक्षीची चौकट. अस्सल दिसावं म्हणून नव्याने घडवलेली नक्कल. आत्या म्हणाली, "आई, घे ना आता, स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. मी घेतलं. हिवाळा दारात होता.

सुतारांचं काम संपलं त्या दुपारी ती फाटकाशी आली. "सुंदर!" म्हणाली. "जणू पहिल्यापासूनच होत्या. तुम्हालाही बरं वाटत असेल, डिअर."

"भिंतभर असतं तर बरं वाटलं असतं," मी म्हटलं आणि फाटकाची कडी लावली.

तर बाळांनो, माझं घर कुठल्या स्टाइलचं, हे तुम्हीच ठरवा. आजोबांचा खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. ऊन खोलीत येतं ते चार पट्ट्यांत. मधल्या लाकडाची सावली त्यांच्या छातीवर आली की ते मला हाक मारतात. मी त्यांची खुर्ची पुढच्या पट्टीत सरकवते. रस्त्यापलीकडच्या भिंतभर काचेत ती चहा घेत बसलेली असते. कधी कधी ती हात हलवते. आजोबा उलट हात हलवतात. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरलेली असते, आणि नसती धरली तरी हलवला नसता.