तेवीस नंबरचा बिल्ला

त्या गल्लीत तिला सगळे परतबाई म्हणत. लाँड्री बंद झाली की ती कुलूप दोनदा ओढून बघायची, कोपऱ्यापर्यंत जायची आणि तिथून हमखास परत यायची. इस्त्री बंद केली की नाही? केलेली असायचीच. इतक्या वर्षांत ती एकदाही चालू राहिली नव्हती. पण तेवढ्याने समाधान झालं तर ती परतबाई कसली! आजवर राहिली नाही म्हणजे आज नक्की राहिली असणार, असा तिचा उलटा हिशोब. समोरचा चाव्या बनवणारा तिला कोपऱ्यावरून वळताना पाहिलं की म्हणायचा, "आल्या! चला, आता माझंही दुकान बंद करायची वेळ झाली."

नवरा बसच्या आगारात मेकॅनिक होता, स्वभावाने एकदम गार. "देशात सरकारं येतात नि जातात," तो म्हणायचा, "आमच्या घरी मात्र कायमचं काळजीवाहू सरकार." ती हसायची, आणि हसता हसता त्याच्या डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघायची.

कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक कपड्याला आतून एक कापडी पट्टी टाचतात, तिच्यावर गिऱ्हाइकाचा नंबर असतो. बाकीच्या बायका पट्टी बघून गठ्ठा शोधायच्या. हिला गिऱ्हाईक पायरी चढताना दिसलं की नंबर तोंडात तयार. एकदा ऐकलेला नंबर ती विसरत नसे. मालक म्हणायचा, स्मरणशक्ती ही देवाची देणगी. ती पुढचा गठ्ठा उचलायची. देणगी कसली डोंबलाची! तो धसका होता, आणि तो कुठून आला हे तिने घरी कोणालाही सांगितलं नव्हतं.

अशा बाईला एकुलती एक मुलगी, आणि ती निघाली पाण्यातली मासोळी. कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवलेली. यंदाच्या सुट्टीत तिला एका तळ्याकाठच्या शिबिरात लहान मुलांना पोहायला शिकवायचं काम मिळत होतं. होय की नाही, ते सोमवारच्या आत कळवायचं होतं. बाप ‘जा’ म्हणून मोकळा झाला होता. आई म्हणाली होती, "बघू." आणि आईचं ‘बघू’ म्हणजे काय, ते त्यांच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

दुसरी एखादी असती तर बॅग भरून चालती झाली असती. पण मागच्या वर्षी मुलगी सहलीला गेली होती, आणि परत आल्यावर तिला बापाकडून कळलं की इकडे आईच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तेव्हापासून कुठे जायचा विषय निघाला की पोर आधी आईच्या ताटाकडे बघायची. मैत्रिणींबरोबर डोंगर चढायला जाणं तिने सोडलं. दूरच्या कॉलेजात मिळत असलेली जागा सोडली. भांडण नाही, रुसवा नाही. "नको, राहू दे," एवढंच म्हणायची. परतबाईला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, त्यात बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतं म्हणून स्वतःचा रागही येत होता.

रविवारी लाँड्री बंद असली तरी एका हॉटेलच्या चादरी सोमवारी सकाळी द्यायच्या होत्या. मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही, म्हणून मुलगी मदतीला आली. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायचं, झटकायचं, जवळ यायचं, टोकं हातात द्यायची, मागे सरायचं. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता आणि आत वाफेने भिंतींना घाम फुटला होता.

"आई, तू हो म्हणालीस तरच जाईन," मुलगी म्हणाली. "नाही म्हणालीस तर तसं कळवून टाकते. पण कारण सांग. ‘मला भीती वाटते’ हे कारण नाही, ते तर तुझं आडनाव आहे."

"तळ्याचं तुला काय माहीत?"

"आणि तुला गं काय माहीत? तू तर बादलीला पण घाबरतेस."

"मी तुझ्याहून चांगली पोहायचे," परतबाई म्हणाली. "तुझ्या वयाची असताना शिबिरात कामाला होते मी. तळ्यावरच."

मुलीच्या हातातली टोकं सुटली. चादर फरशीवर पडली, आणि इस्त्री केलेली चादर खाली पडूनही आई ओरडली नाही, तेव्हाच मुलीला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. ती कपड्यांच्या गाठोड्यावर बसली.

तीन उन्हाळे परतबाई तिथे होती. सकाळी स्वयंपाकघरात ढीगभर बटाटे सोलायचे, ऊन चढलं की छोट्या मुलींना पाण्यावर न्यायचं. पाय उन्हाने रापलेले, केसांना कायम तळ्याचा वास, आणि भूक अशी की कच्चं गाजर दिसलं तरी तोंडात जायचं. काळजी म्हणजे काय, ते तेव्हा तिच्या गावीही नव्हतं. रात्री पाठ टेकली की सकाळच.

तळ्याच्या लाकडी धक्क्यावर एक फळी होती आणि फळीवर खिळे. प्रत्येक खिळ्यावर एक पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरा. पाण्यात उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, बाहेर आलं की पांढरा. शिबिराचे मोठे सर फार कडक होते. त्यांचा एकच नियम, ज्याचा बिल्ला त्यानेच उलटायचा. सख्ख्या भावाचासुद्धा उलटायचा नाही.

फळीला लागूनच होड्यांची शेड होती. तिथे एक उंच, किडकिडीत मुलगा होड्या दुरुस्त करायचा. अंगकाठीवरून त्याचं नाव पडलं होतं वल्ह्या. बोलायला महाकंजूष. ती पाण्यातून वर यायची तेव्हा काखेत टॉवेल, एका हाताला रडणारी मुलगी, दुसऱ्या हाताला चप्पल हरवलेली. पहिल्या उन्हाळ्यात एकदा वल्ह्याने उठून तिचा बिल्ला उलटला आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिला वाटलं, चांगला मदतीचा स्वभाव आहे. मग हळूहळू लक्षात आलं, की तो दुसऱ्या कोणाच्याही बिल्ल्याला हात लावत नाही. उतरताना लाल तोच करायचा आणि येताना पांढराही तोच.

दोघांपैकी कोणीही काही बोललं नाही. ती फक्त फळीकडे न बघता पुढे जायला लागली. तेच तिचं उत्तर होतं, आणि ते त्याला पोचलं होतं, कारण तो शीळ घालायला लागला होता. स्वयंपाकघरातल्या आचारीण मावशीच्या नजरेतून काय सुटणार? "तुझा बिल्ला म्हणे आपोआप उलटतो," मावशी म्हणायची. "जरा माझ्या बटाट्यांनाही शिकव की सालं काढायला!" ती लाजेने लाल व्हायची, आणि दुपारी पाण्यावर जायची वेळ कधी होते याची वाट बघायची. असे दोन उन्हाळे गेले आणि तिसरा आला. आता तो काहीतरी बोलणार, असं तिला रोज सकाळी वाटायचं.

त्या दिवशी मोटरहोडीचा पट्टा तुटला. ती छोट्या मुलींबरोबर पाण्यात असताना वल्ह्या कोणाला न सांगता दुधाच्या गाडीत बसून नवा पट्टा आणायला गावात गेला. तिला हे कुठे माहीत? ती नेहमीसारखी मुली घेऊन वर आली, फळीकडे न बघता पुढे गेली, आणि बटाटे सोलायला बसली.

थोड्या वेळाने शिट्टी झाली. लांबलचक, थांबतच नाही अशी. मावशीच्या हातातलं पातेलं सुटलं. सगळे धावले. तळं रिकामं होतं आणि फळीवर एक बिल्ला लाल होता.

"तेवीस!" सर ओरडत होते. "तेवीस नंबर कोणाचा?"

मुलांचे नंबर सरांना तोंडपाठ होते आणि मुलं सगळी काठावर होती. म्हणजे कामाला असलेल्यांपैकी कोणीतरी. मोठ्यांनी आपापला नंबर लक्षात ठेवायचा, अशी पद्धत. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. तीही बघत राहिली. आपला नंबर कोणता, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाच नाही. तिने कित्येक दिवसांत तो वाचलाच नव्हता. आपला बिल्ला पांढरा असणार, यात तिला शंका नव्हती.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "वल्ह्या कुठाय?"

ती शेडकडे धावली. शेडमध्ये कोणी नव्हतं. हत्यारं तशीच पडलेली.

सरांनी साखळी करायला लावली. मोठ्यांनी हातात हात धरून पाण्यात उतरायचं आणि पायाने तळ चाचपत पुढे सरकायचं. तिच्या एका हाताला मावशी, दुसऱ्या हाताला कोठीवरचा माणूस. कंबरभर पाणी. गाळात पाऊल ठेवायचं, काही लागलं तर थांबायचं, नुसता ओंडका असला की पुढे जायचं. प्रत्येक पावलाला तिला वाटे, आता लागेल. लागू नये आणि लागावा, दोन्ही एकदमच. त्या पाण्यात तिला स्वच्छ कळलं, की हा मुलगा आपल्याला हवा आहे. कळायला जागा तरी कोणती मिळाली!

आणि मग धक्क्यावरून कोणीतरी पाण्यात उडी मारली. बुटांसकट, कपड्यांसकट. गळ्यात नवा कोरा पट्टा. वल्ह्या. त्याने फळी बघितली होती, आणि तेवीस नंबर कोणाचा हे साऱ्या शिबिरात त्याला एकट्यालाच माहीत होतं. तो साखळीकडे बघतच नव्हता. तो पाण्यात बुडी मारत होता, वर येत होता, पुन्हा खाली जात होता, आणि तिचं नाव घेऊन ओरडत होता.

"मी इथे आहे!" ती ओरडली.

तो वळला. तसा चेहरा तिने पुढे कोणाचाच पाहिला नाही. नवऱ्याचा नाही, बापाचा नाही. माणूस इतका घाबरू शकतो, आणि तेही आपल्यासाठी! तिला आनंद व्हायला हवा होता. ती हादरली.

सगळ्यांना उलगडा झाला तेव्हा हसण्याचा स्फोट झाला. ही बया स्वतःलाच शोधायला पाण्यात उतरली होती! सर आधी चिडले, मग तेही हसले. मावशी हसता हसता काठावर बसून रडली. ते दोघे तेवढे हसले नाहीत.

"बघ," परतबाई मुलीला म्हणाली. "एक बिल्ला उलटायचा राहिला तर एवढं. हे असं असतं पाणी."

"पण कोणी बुडलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग त्याचं काय झालं?"

परतबाईने खाली पडलेली चादर उचलली, झटकली. मुलीने सवयीने दोन टोकं धरली.

"संध्याकाळी मी शेडमध्ये गेले. म्हटलं, उद्यापासून माझा बिल्ला मीच उलटेन."

"असं तोडून टाकलंस?"

"तोडायला नव्हते गं गेले! त्याचा तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. माझ्यामुळे त्याने पुन्हा असं कधी घाबरू नये, एवढंच मनात होतं."

"मग हे सांगितलंस त्याला?"

"नाही. तेवढं तोंडातून निघालंच नाही."

"आणि तो?"

"बरं, म्हणाला. मान खाली घालून. मग उरलेला उन्हाळा तो पलीकडच्या काठाच्या होड्यांवर होता. पुढच्या वर्षी आला नाही. मीही गेले नाही. नंतर तुझे बाबा भेटले. चांगलं झालं माझं, वाईट नाही झालं. पण डोक्यात नंबर राहिले, आणि कोपऱ्यावरून परत यायची खोड."

दोघींनी चादर ताणली. मुलीने कडा जुळवल्या.

"त्याला भीतीचं सांगितलं नाहीस," ती म्हणाली, "आणि मला रोज सांगतेस."

परतबाईला राग आला. हातातली टोकं सोडून द्यावीशी वाटली. मग राग ओसरला, आणि उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

"जाऊ दे, आई. नाही म्हणून कळवते," मुलगी म्हणाली. "बरं? नको वाईट वाटून घेऊस." तिने मान खाली घातली, टोकं आईच्या हातात दिली आणि फोनकडे वळली. रडली नाही, आदळआपट केली नाही. अगदी समजूतदारपणे निघाली, आणि परतबाईला वल्ह्या आठवला. त्या संध्याकाळी शेडमध्ये तो ‘बरं’ म्हणाला होता, अगदी तसंच.

"थांब," ती म्हणाली.

मुलगी थांबली.

"जा तू. होय कळव त्यांना."

"आणि तू जेवशील?"

"नाही जेवणार."

"झोप?"

"झोपही येणार नाही. खोटं कशाला बोलू?" परतबाई म्हणाली. "पण भीती मला वाटते, तुला नाही. मग ती मी सांभाळीन. तू कशाला तिच्यासाठी घरी बसतेस?"

 मुलीने फोन उचलला, आणि पलीकडच्या माणसाला आपलं नाव सांगताना तिचा आवाज एवढा मोठा झाला की समोरच्या चावीवाल्याने मान वर करून पाहिलं. परतबाई अर्धी घडी घातलेली चादर छातीशी घट्ट धरून तशीच उभी होती.