बाबांसकट पलंग

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि ज्यांना ज्यांना कान आहेत अशा सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरच्या मधल्या खोलीतला सागवानी पलंग आज पुढच्या खोलीत नेण्यात येणार असून, पलंगावरचा माणूस पलंगावरच राहणार आहे.

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात, चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या आमच्या घरात, मी हातात लाटणं धरून ही दवंडी पिटली. वय वीस. पलंगावरच्या माणसाने, म्हणजे माझ्या बाबांनी, एकदा तरी हसावं एवढाच हेतू होता. ते हसले नाहीत. छताकडे बघत म्हणाले, "कायले तरास घेता? किती दिवस राह्यले माये आता!"

बाबा राइस मिलमध्ये फोरमन होते. पोत्यांच्या थप्पीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पायाला वजन लावून घरी पाठवलं. पायाच्या पट्टीला बांधलेली दोरी पलंगाच्या पायथ्याच्या दांडीवरून खाली सोडलेली आणि तिच्या टोकाला दोन विटा. सहा आठवडे उताणं पडून राहायचं, विटा काढायच्या नाहीत, धक्का बसू द्यायचा नाही. हाड जुळून येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. हाडाची काळजी नव्हतीच. मिलमध्ये दिवसभर आरडाओरडा करणारा हा माणूस तिसऱ्या आठवड्यात बोलेनासा झाला आणि मग जेवेनासा. आई चमच्याने पेज भरवायला गेली की तोंड भिंतीकडे. मग आई मोरीत जाऊन रडायची आणि बाहेर येऊन डोळ्यात साबण गेला म्हणायची. त्या महिन्यात आमच्याकडे एवढा साबण डोळ्यात गेला की कपड्यांना उरला कसा, कोण जाणे.

त्यात ती मधली खोली. वर टिन, खिडकी नाही. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. कूलर होता पुढच्या खोलीच्या खिडकीत, आणि तो तिथून हलणार नव्हता. म्हणजे पलंगच हलायला हवा. उचलायचा तर चार माणसं लागणार, आणि चौघांतल्या एकाचा हात सुटला की जुळत आलेलं हाड गेलं.

म्हणून मिस्त्रीचाचांना बोलावलं. पलंग त्यांच्याच हातचा.

"चाकं लावा ना, चाचा," मी म्हटलं.

"चाकं? फरशीच्या हर जोडावर दणका बसन, बेटी. तुझ्या बापाचे दात बी पडून जातीन." त्यांनी वाकून पलंगाचे पाय बघितले. "याले सरकवाचा. पानी बी हलाले नाई पायजे गिलासातलं."

त्यांनी आमचं जुनं लोकरी ब्लँकेट मागितलं, त्याचे तुकडे कापले, चौपदरी करून पायांखाली घालायला चार छोट्या गाद्या शिवल्या आणि प्रत्येक गादीच्या खालच्या बाजूला मेणबत्ती घासघास घासली, इतकी की कापड आरशासारखं गुळगुळीत झालं. मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लावून एकेक पाय बोटभर उचलायचा, खाली पाचर, पाचरीच्या आधाराने गादी आत, वरून सुतळीने बांधायची. चार पायांना तास लागला. बाबा डोळे मिटून होते. मी मध्येमध्ये त्यांची छाती वरखाली होते की नाही ते बघत होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

विटांचं खातं आत्याकडे, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीकडे. विटा हिंदकळू नयेत म्हणून तिने दोन्ही हात खाली धरून पलंगापुढे उलटं चालायचं. पदर खोचून ती अशी उभी राहिली, जणू विटा नव्हे, तान्हं बाळ झेलायचंय.

आतल्या दाराला उंबरठा नव्हता, ही एक देवाची कृपा. मी आणि आई डोक्याच्या बाजूने ढकलायला, चाचा बाजूला.

"हळू. हळू बोललो मी!"

पलंग सरकला. आवाज नाही, धक्का नाही. मला इतका आनंद झाला की मी अंगातला सगळा जोर लावला.

इथे आमच्या फरशीबद्दल सांगायला हवं. धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून तिला पुढच्या दाराकडे चांगला ढाळ दिलेला होता. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत होती आणि कुणालाही आठवली नाही. पलंग माझ्या हातातून सुटला आणि आपला आपण निघाला.

"अवो वयनी! आला ना माया अंगावर!" आत्या विटा धरून उलटी पळत सुटली.

चाचांनी खाली बसून दोन्ही पाय चौकटीला रेटले आणि पलंगाचा मागचा पाय कवटाळला. पलंग थांबला. बाबांच्या तोंडून कळ दाबल्यासारखा आवाज निघाला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मोडलं, मी मोडलं, एवढंच डोक्यात.

"विटा हलल्या नाई," आत्या धापा टाकत म्हणाली. "देवाशपथ नाई हलल्या. दादा, दुखलं का?"

बाबांनी डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. पलंग दारात अडकलेला, अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. आणि तेवढ्यात आईने तोंडाला पदर लावला. मी तिच्या नजरेच्या रोखाने बघितलं. दारातून आधी बाबांचे पाय बाहेर गेले होते. पाय पुढे, डोकं मागे. घरातून माणूस असा कधी नेतात हे वेगळं सांगायला नको. चाचांनीही बघितलं आणि मान खाली घातली.

"मागं घेता येईल का?" आईने कुजबुजत विचारलं.

"चढ आहे, भाभी. अन् आत फिरवाले जागा कुठी आहे?"

"जाऊ द्या मंग तसंच," आत्या आणखी हळू म्हणाली. "त्यायले कुठी समजते."

बाबांनी डोळे उघडले. आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग चौकटीकडे. दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली आणि मिलच्या इंजिनावरून ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मांगं घ्या बे! पाय पुढं करून कोनाले नेऊन राह्यले? मी मेलो नाई अजून, अन् मले मराचं बी नाई!"